कॅम्पसवरचा सर्व्हे: पक्षी मोजण्याआधी माणसांचं वेळापत्रक लावा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना. आमचा कॅम्पस पश्चिम उपनगरातला, नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही बाराजणांनी मिळून तीन सकाळी पक्ष्यांचा सर्व्हे केला. कॅम्पसचे तीन भाग, तीन टीम, प्रत्येक टीमकडे एक भाग. एक्सेल शीट भरून झाली तेव्हा दिसलं की तिसऱ्या भागात बाकीच्या भागांच्या मानाने जवळजवळ निम्मेच पक्षी आहेत. या भागाच्या कडेला पावसाळ्यानंतर बांधकाम सुरू झालं होतं, आणि पुढच्या टप्प्यात तिथल्या जुन्या पर्जन्यवृक्षांची रांग पार्किंगसाठी जाणार अशी चर्चा होती. विद्यार्थ्यांचा एक गट निवेदन तयार करत होता. त्यांना नेमकं हेच वाक्य हवं होतं: बांधकामामुळे पक्षी निम्म्यावर.

मी ते वाक्य त्यांना देणारच होते. रात्री गाईडना मेल करण्याआधी फील्डशीटवरच्या वेळा सहज चाळल्या आणि पोटात गोळा आला. पहिल्या दोन टीम रोज सव्वासातला सुरू झालेल्या. तिसरी टीम तिन्ही दिवस आठ वाजून गेल्यावर. कारण अगदी साधं. त्या टीममधली मुलं मुलुंड आणि घाटकोपरहून यायची. आधी लोकल, मग अंधेरीपर्यंत मेट्रो, मग रिक्षा. शिवाय चौघंही नवखे, आवाजावरून पक्षी ओळखायची सवय नाही.

आता तुम्हीच सांगा, तिसऱ्या भागात पक्षी कमी होते ते बांधकामामुळे, की उशिरा सुरू केल्यामुळे, की टीम नवखी होती म्हणून? उत्तर आहे: सांगता येत नाही. आणि आता ते कोणत्याही सॉफ्टवेअरने, कोणत्याही स्टॅटिस्टिकल टेस्टने सांगता येणार नाही. तीन कारणं एकाच ठिकाणी अशी अडकली की ती सोडवायची सोयच राहिली नाही. पुस्तकात याला कन्फाउंडिंग म्हणतात. आपण साध्या मराठीत गल्लत म्हणू.

ही गल्लत डेटा गोळा करताना झाली नव्हती, त्याच्या आधी झाली होती. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कोण कुठल्या टीममध्ये येणार' असं मी विचारलं आणि मित्रमैत्रिणींनी आपापल्या सोयीने नावं टाकली, तेव्हाच. म्हणून आजचा लेख सर्व्हेच्या त्या भागावर आहे, जो थीसिसच्या मेथड्समध्ये दोन ओळींत उरकला जातो: आखणी आणि समन्वय. उदाहरण पक्ष्यांचं घेते. पण तुम्ही झाडं मोजणार असाल, भटकी कुत्री मोजणार असाल किंवा कॅन्टीनमधल्या उरलेल्या अन्नाचा सर्व्हे करणार असाल, तरी हिशेब हाच.

आधी प्रश्न, मग नकाशा

'आपल्या कॅम्पसवर किती पक्षी आहेत?' हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न लपलेले आहेत. एक, कोणकोणत्या जाती आहेत? दोन, या भागात त्या भागापेक्षा जास्त आहेत का? पहिल्या प्रश्नासाठी जितकी माणसं, जितके तास, तितकं चांगलं. कोणीही कधीही फिरा आणि यादी वाढवा. दुसऱ्यासाठी मात्र प्रत्येक भागाला सारखी वेळ, सारखी मेहनत आणि सारखे डोळे मिळाले पाहिजेत. आम्ही पहिल्या प्रश्नाची आखणी केली आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागायला गेलो.

पहिल्या प्रकारचं उत्तम उदाहरण म्हणजे कॅम्पस बर्ड काउंट. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' हा उपक्रम अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाला, २०१३ पासून तो जगभर होतो आणि भारतही तेव्हापासून त्यात आहे. त्याचाच भाग म्हणून २०१५ पासून 'बर्ड काउंट इंडिया' देशभरातल्या शाळा-कॉलेजांच्या आणि संस्थांच्या आवारात फेब्रुवारीतले चार दिवस पक्षीगणना घडवून आणते. किमान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे आणि ई-बर्डवर यादी टाकायची, एवढाच नियम. त्यामुळे कोणालाही भाग घेता येतो आणि खूप मोठ्या प्रदेशाचं चित्र मिळतं. पण आपल्या कॅम्पसच्या दोन कोपऱ्यांची तुलना करायची तर तेवढ्यावर भागत नाही. वर आपली आखणी चढवावी लागते.

प्रश्न ठरला की नकाशा काढा. इमारतींचा नको, अधिवासांचा काढा. पवईच्या आयआयटीचा विचार करा. साधारण ५५० एकरांचा परिसर, एका बाजूला पवई तलाव, दुसऱ्या बाजूला विहार तलाव आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तिथे तलावाकाठी दिसणारे पक्षी आणि हॉस्टेलमागच्या झाडीत दिसणारे पक्षी सारखे असणारच नाहीत. तलावाकाठी पाणकावळे आणि वंचक, झाडीत कोतवाल, नाचण, हळद्या. सगळ्यांची सरासरी काढली तर ती कुठल्याच जागेची नसते. म्हणून आधी भाग पाडायचे: पाण्याकाठ, दाट झाडी, बागा आणि लॉन, इमारती. मग प्रत्येक भागातून वेगळा नमुना घ्यायचा. यालाच स्तरित नमुना पद्धत म्हणतात.

हिशेब कागदावर करा

समजा तुमचा कॅम्पस २४० एकरांचा आहे. मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा विद्यानगरी परिसर साधारण एवढाच आहे. २४० एकर म्हणजे सुमारे ९७ हेक्टर. पक्ष्यांसाठी नेहमी वापरतात ती पॉइंट काउंट पद्धत घेऊ: एका ठिकाणी उभं राहायचं, १० मिनिटं थांबायचं, ५० मीटरच्या आत दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी लिहायचे. दोन पॉइंटमध्ये २०० मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे तोच बुलबुल दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी होतो.

२०० मीटरच्या चौकटी टाकल्या तर एक चौकट ४ हेक्टरची. ९७ भागिले ४, म्हणजे साधारण २४ पॉइंट. एका पॉइंटला १० मिनिटं मोजणी, एक मिनिट शांत उभं राहायला, चार मिनिटं पुढच्या पॉइंटपर्यंत चालायला. झाली १५ मिनिटं. २४ पॉइंटना सहा तास.

सहा तास तुमच्याकडे नाहीत. फेब्रुवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सातच्या जरा नंतर उगवतो. पक्षी सर्वात जास्त बोलतात ते पहिल्या दोन तासांत. नऊनंतर ऊन चढतं, गाड्यांचा आवाज वाढतो आणि पक्षी झाडीत गप्प बसतात. तेव्हा सव्वासात ते सव्वानऊ, दोन तास, म्हणजे आठ पॉइंट. २४ पॉइंट हवेत तर तीन टीम लागणार. एका टीममध्ये तिघं: एक बघणारा, एक लिहिणारा, एक घड्याळ आणि अंतर सांभाळणारा. झाले नऊ. आयत्या वेळी कोणाला ताप येतो, कोणाची प्रॅक्टिकल लागते, म्हणून तीन जास्त. बारा माणसं.

बघा, 'किती स्वयंसेवक हवेत?' याचं उत्तर उत्साहावरून येत नाही, सूर्योदयावरून येतं. आणि एक लक्षात ठेवा: ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ सुमारे दोन एकरांचं. २४ वर्तुळं मिळून ४७ एकरांच्या आसपास. म्हणजे तुम्ही कॅम्पसचा जेमतेम पाचवा हिस्सा पाहिलात. अहवालात 'आम्ही संपूर्ण कॅम्पसची गणना केली' असं लिहू नका. नमुना घेतला असं लिहा.

टीम फिरवा

आता आमची चूक दुरुस्त करू. तीन मार्ग आणि तीन टीम आहेत. प्रत्येक टीमला कायमचा एक मार्ग दिला की टीमचा गुणदोष मार्गाला चिकटतो. त्यापेक्षा असं करा:

पहिली सकाळ: अ टीम मार्ग १, ब टीम मार्ग २, क टीम मार्ग ३.
दुसरी सकाळ: अ टीम मार्ग २, ब टीम मार्ग ३, क टीम मार्ग १.
तिसरी सकाळ: अ टीम मार्ग ३, ब टीम मार्ग १, क टीम मार्ग २.

प्रत्येक टीम प्रत्येक मार्गावर एकदा जाते, प्रत्येक मार्गाला प्रत्येक टीम एकदा मिळते. याला लॅटिन चौरस म्हणतात. सुडोकू सोडवणाऱ्यांना हा ओळखीचा वाटेल. शेतीच्या प्रयोगांत ही रचना रोनाल्ड फिशर यांनी रुळवली. आता क टीम कच्ची असली तरी तिचा कच्चेपणा तिन्ही मार्गांना सारखा वाटला जातो. एखाद्या सकाळी ढग आले तर तेही तिन्ही मार्गांवर सारखेच आले. मार्गाची दिशाही अधूनमधून उलटी करा, नाहीतर शेवटचा पॉइंट रोज नवाच्या उन्हातच मोजला जाईल.

निरीक्षकांमधला फरक हा प्रश्न नवा नाही आणि त्यावरचा एक सुंदर उपाय भारतातच निघाला. १९३७ पासूनच्या काही वर्षांत प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमधल्या तागाच्या लागवडीचे नमुना सर्व्हे करत होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, मोठ्या सर्व्हेआधी छोटे चाचणी सर्व्हे घेतले आणि खर्च, वेळ, चुका यांचा अंदाज घेऊन दरवर्षी व्याप वाढवत नेला. दोन, एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढून ते दोन वेगळ्या गटांकडे दिले. दोन्ही गटांचे आकडे जवळ आले तर ठीक. लांब गेले तर गडबड शेतात नाही, माणसांत आहे हे लगेच कळतं. आपण कॅम्पसवर हेच छोट्या प्रमाणात करू शकतो: सहा पॉइंट असे ठेवा जे एकाच सकाळी दोन टीम एकमेकींना न विचारता मोजतील.

मुख्य सर्व्हेच्या आठवडाभर आधी एक सराव सकाळही हवीच. सगळ्यांनी एकाच पॉइंटवर उभं राहायचं, १० मिनिटं न बोलता आपापली यादी करायची, मग याद्या ताडून बघायच्या. आमच्या सरावात तांबटाचा 'टुक टुक' आवाज चौघांना ऐकूच आला नव्हता. तो त्यांना बांधकामाचा ठोका वाटला होता! हे सर्व्हेच्या आधी कळणं आणि नंतर कळणं यात फार फरक आहे.

शून्यसुद्धा लिहा

नवीन स्वयंसेवक सर्वात जास्त चुकतात ते इथे. पॉइंटवर काहीच दिसलं नाही की ते शीट कोरं ठेवतात. घरी आल्यावर कोऱ्या शीटचा अर्थ कोण लावणार? पक्षी नव्हते, की टीम तिथे गेलीच नाही? म्हणून नियम एकच: गेलात तर लिहा. 'पॉइंट १४, ७.४५ ते ७.५५, पक्षी ०.' ई-बर्डवर यादी टाकताना 'ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का?' असं विचारतात, ते याचसाठी. पूर्ण यादीत एखादा पक्षी नसला तर 'बघितलं, पण आढळला नाही' असा अर्थ निघतो. अर्धवट यादीतून तो निघत नाही. कावळा, पारवा, घार 'रोजचीच' म्हणून गाळली तरी यादी अर्धवटच.

आणि 'आढळला नाही' म्हणजे 'नाहीच' असंही नाही. समजा एखाद्या जागी भारद्वाज राहतो, पण १० मिनिटांच्या एका भेटीत तो सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. म्हणजे एका भेटीत तो हुकण्याची शक्यता ६० टक्के. दोन भेटींत दोन्हीदा हुकण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. तीन भेटींत सुमारे २२ टक्के. म्हणून एकाच पॉइंटला तीनदा जायचं. एका सकाळच्या भरवशावर 'इथे भारद्वाज नाही' असं लिहिणाऱ्याला परीक्षक व्हायव्हात नक्की पकडतात.

आणखी एक बारीक गोष्ट. डोक्यावरून उडत गेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात लिहा. पळसमैनांचा दोनशेचा थवा वरून गेला तर तो त्या पॉइंटच्या झाडांचा हिशेब नव्हे. तोच थवा पाच मिनिटांनी दुसऱ्या टीमलाही दिसू शकतो. तिन्ही टीमची घड्याळं जुळवलेली असतील आणि वेळ, दिशा लिहिलेली असेल, तर संध्याकाळी हे सोडवता येतं. पक्ष्यांच्या अंगावर नंबर नसतो. बिबट्याची गोष्ट वेगळी. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. म्हणूनच २०१५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासच्या भागात कॅमेरा ट्रॅप लावून निकित सुर्वे यांना ३५ वेगवेगळे बिबटे ओळखता आले. कोणता प्राणी मोजायचा आहे, त्यावर पद्धत ठरते.

परवानगी, गेट आणि लोकल

हा भाग कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. परवानगीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने कुलसचिव कार्यालयात द्या, प्रत सुरक्षा विभागाला आणि इस्टेट विभागाला. पण तिथे थांबू नका. पत्र ऑफिसच्या फाइलमध्ये असतं आणि तुम्हाला सकाळी सातला अडवणारे वॉचमनकाका गेटवर असतात. त्यांच्या तीन पाळ्या असतात. रात्रपाळीच्या काकांना सांगितलं तरी सातला पाळी बदलते. म्हणून प्रत्येक गेटच्या रजिस्टरमध्ये पत्राची झेरॉक्स लावून घ्या आणि आदल्या संध्याकाळी जाऊन भेटा. एकदा ओळख झाली की हीच माणसं सांगतात की पिंगळ्याची जोडी कुठल्या ढोलीत आहे.

दुर्बीण हॉस्टेलच्या आणि स्टाफ क्वार्टर्सच्या खिडक्यांकडे रोखली जाणार नाही असे पॉइंट निवडा. तिथल्या नोटीस बोर्डवर दोन दिवस आधी चिठ्ठी लावा. जंगलाला लागून असलेल्या कॅम्पसवर अंधारात एकट्याने जायचं नाही, याला अपवाद नाही.

आणि आता लोकल. स्वयंसेवकांची नावं घेताना सोबत राहतात कुठे हेही विचारा. बोरिवलीहून येणारी मुलगी स्लो लोकलने वेळेत पोचेल. मुलुंडहून येणाऱ्याला गाडी बदलावी लागेल. त्याला दोष देऊ नका, आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये कोणाकडे तरी झोपायची सोय करा. सगळ्यांना सातची वेळ द्या, सुरुवात सव्वासातला. उशीर झालेल्या टीमने घाईघाईत मोजणी करायची नाही. राखीव माणसं त्यांच्या जागी जातील. रविवार ठेवलात तर मेगाब्लॉक बघून घ्या. सकाळी येताना अडचण येत नाही, पण दुपारी तुमची माणसं प्लॅटफॉर्मवर ताटकळली तर पुढच्या रविवारी ती येणार नाहीत. नऊ वाजता चहा आणि वडापावचे पैसे बजेटमध्ये धरा. मी हे गमतीने लिहीत नाहीये.

त्याच दिवशी दुपारपर्यंत सगळ्या शीटचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. एका माणसाने टाईप करायचं, दुसऱ्याने ताडायचं. 'बुलबुल ३' मधला लालबुड्या की शिपाई, हे त्याच दिवशी विचारलं तर आठवतं. महिन्याने कोणालाच आठवत नाही.

मग त्या आकड्याचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी त्या गटाला सांगितलं की हा आकडा वापरता येणार नाही. खोली शांत झाली. एक मैत्रीण म्हणाली, "तू आमच्या बाजूने आहेस की नाहीस?" मला झाडं वाचायला हवीच होती. पण समोरच्या कोणी पहिल्याच बैठकीत फील्डशीट मागितली असती, तर आमचा आकडा आणि त्याबरोबर आमचं सगळं म्हणणं पडलं असतं. हे मी बोलले, पण तेव्हा ते कोणाला पटलं नाही. दोन जण सर्व्हेतून निघून गेले.

पुढच्या फेब्रुवारीत बांधकाम रखडलेलं होतं आणि झाडं उभी होती. आम्ही वर लिहिल्याप्रमाणे टीम फिरवून पुन्हा मोजलं. तिसरा मार्ग आता निम्म्यावर नव्हता. थोडा कमी होता, एवढंच. पण एक गोष्ट तिन्ही सकाळी, तिन्ही टीमना सारखीच दिसली: राखी धनेश फक्त त्या पर्जन्यवृक्षांच्या रांगेत आढळला, बाकी कुठल्याही पॉइंटवर नाही. 'पक्षी निम्म्यावर' या वाक्यापेक्षा हे वाक्य लहान आहे, पण ते कोणीही तपासावं. निवेदनात तेच गेलं, सोबत सगळ्या शीटच्या प्रती. नंतर पार्किंगचा नकाशा बदलला. आमच्यामुळे बदलला असं मी म्हणणार नाही, तेवढा डेटा माझ्याकडे नाही.

तुम्ही या वर्षी सर्व्हे करणार असाल तर आज एक काम करा. दुर्बीण, अॅप, फॉर्म सगळं बाजूला ठेवा. एका कागदावर तुमच्या अपेक्षित निष्कर्षाचं एकच वाक्य लिहा. त्याखाली लिहा, हेच वाक्य आणखी कोणत्या कारणांनी खरं दिसू शकेल: वेळ, टीम, हवामान, जागा. प्रत्येक कारणासमोर वेळापत्रकात तुम्ही काय केलंय ते लिहा. एखाद्या कारणासमोर काही लिहिता आलं नाही, तर सर्व्हेची तारीख आठवडाभर पुढे ढकला. पक्षी थांबतील. हळद्या तर मार्च उजाडेपर्यंत इथेच असतो.